घरात आणखी कुणाचं दुखतं?

डोकं दुखणं म्हणजे एकच दुखणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलं डोकं कधी भामाकडे नेलं नव्हतं. गाव होतं तोवर आसपासच्या बाया कपाळ धरून तिच्या पडवीत येऊन बसायच्या. भामा आधी हातातलं काम संपवायची. मासळी साफ करत असेल तर मासळी, तांदूळ निवडत असेल तर तांदूळ. दुखणाऱ्या माणसाला जरा ताटकळत ठेवलं की खरं दुखणं कुठलं आणि सासूवरचा राग कुठला ते आपोआप कळतं, असं तिचं म्हणणं. मग हात पुसून ती तीनच गोष्टी विचारायची: कुठं दुखतंय, कदी दुखतंय आणि काय केलं म्हंजे थांबतंय?

एवढ्यावर तिला बहुतेक सगळं कळायचं. उन्हाबरोबर चढते आणि उन्हाबरोबर उतरते ती अर्धशिशी; तिला अंधारी खोली लागते आणि गप्प बसणारी माणसं लागतात. उलटी झाली की मोकळं होतं ते पित्ताचं. खाली वाकलं की कपाळ जड होतं ते सर्दीचं. सुईत दोरा ओवताना ज्याला सणक येते, त्याला पनवेलला चष्म्याच्या दुकानात धाडायचं. डोक्यावर हंडा नसतानाही चुंबळ घट्ट बसल्यासारखं वाटतं ते काळजीचं. त्याला ना लेप चालतो ना काढा, त्या बाईला चहा पाजून बोलतं करावं लागतं. आणि उभ्या जन्मात कधी दुखलं नाही असं अचानक कुणाचं दुखलं, तर काही न विचारता त्याला रिक्षात घालून दवाखाना गाठायचा. जगन पाटलाच्या आईला तिने असंच धाडलं आणि म्हातारी वाचली. तेव्हापासून जगन पाटील वाटेत भेटला की आदराने दोन पावलं मागे सरून बोलायचा.

आपण वैद्य आहोत असा भामाचा दावा नव्हता. पण तिच्या हाताला गुण होता, आणि ज्याच्या हाताला गुण येतो त्याला एक वाईट खोड जडते: आपलं स्वतःचं कधी दुखत नाही असं त्याला दाखवावं लागतं. भामाचंही डोकं दुखायचं. पण ते तिने नवऱ्याला, बुधाजीलासुद्धा, कधी सांगितलं नाही. पदराने कपाळ आवळायचं आणि चुलीपुढे बसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढे विमानतळ आला आणि गाव उठलं. जिथे तिची पडवी होती त्याच्या आसपास कुठून तरी आता विमानं उडतात. नक्की कुठून ते तिला सांगता येत नाही, कारण खूण म्हणून एक झाडही उरलं नाही. बदल्यात मिळालेल्या जागेवर करंजाड्याला बिल्डरने इमारत उभी केली आणि तिच्या चौथ्या मजल्यावर भामाच्या वाट्याला फ्लॅट आला. सरकत्या काचांच्या खिडक्या, गुळगुळीत लादी, लिफ्ट. बुधाजी त्या घरात जेमतेम वर्ष काढून गेला. हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. भामाच्या मते त्याचा जीव त्या लादीवर रमलाच नाही.

मग उरली ती एकटी. म्हणून अंकिता, तिची एकुलती एक लेक, बाळंतपणाला आली तेव्हा भामाला नुसता आनंद झाला नाही; बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसं झालं.

अंकिताने पुण्याच्या मुलाशी लग्न केलं होतं. राजस तिच्याच ऑफिसात होता, शांत, चष्मा पुसत बोलणारा मुलगा. त्याची आई आशालता बँकेतून निवृत्त झालेली, नीटनेटकी बाई. बाळंतपण पुण्यातच व्हावं असं आशालताला वाटत होतं. भामाने फोनवर सांगितलं, "विहीणबाय, पयलं बालंतपन म्हायेरचं. ह्यात तुमी पडू नका." आशालता पडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "बरं. पण काही कमी-जास्त वाटलं, तिची तब्येत जराही बिघडली, तर आम्ही लगेच इकडे घेऊन येऊ. तेवढं मात्र ऐका माझं."

हे वाक्य भामाच्या मनात कुसळासारखं अडकलं. सव्वा महिना लेक आपल्याजवळ. त्यात काहीही बिघडलेलं चालणार नव्हतं.

बाळंतपण पनवेलच्या दवाखान्यात, पोट कापून झालं. मुलगी झाली. बारशाला पुण्याची मंडळी आली आणि बाळाचं नाव इरा ठेवून गेली. भामाला ते नाव तोंडात बसायच्या आधीच संपल्यासारखं वाटायचं. ती आपली "माजी बाय" म्हणायची.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर आभा मॅडमनी बजावलं होतं, "आजी, ती धुरी वगैरे नको हं. बाळाच्या छातीत धूर जातो." भामाने मान डोलावली होती, आणि ती खोटी नव्हती. तिने खरंच ऐकलं. ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी तिने दिली नाही. पण शेक? शेकाशिवाय बाळंतिणीची कंबर कशी भरून येणार? तिची आई, तिची सासू, गावातली एकूण एक बाई बाळंतपणानंतर बाजेखालच्या शेगडीच्या शेकानेच उभी राहिली होती. तेव्हा भामाने दोन्ही बाजू सांभाळल्या. रोज सकाळी ती शेगडी गॅलरीत पेटवायची. कोळसा धुमसून धुमसून लाल व्हायचा आणि धुराची शेवटची रेघही गेली की मगच शेगडी आत न्यायची. आणि शेक चालू असेतो बाळाला त्या खोलीत ठेवायची नाही. धूर नाही म्हणजे अपाय नाही. इतका साधा हिशेब.

गावच्या घरात तो हिशेब बरोबर होता. तिथे डोक्यावर कौलं होती आणि कौलांच्या फटींतून सगळं निघून जायचं, दिसणारं आणि न दिसणारंही. इथे वर सिमेंटचा स्लॅब होता. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कौलांनी तर कधीच सांगितलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. अंकिताचं डोकं दुखायला लागलं.

"आये, डोकं जाम धरलंय," न्हाऊन शेक घेऊन झाल्यावर ती म्हणाली. भामा तेलाची वाटी घेऊन उशाशी बसली आणि तिने आपले तीन प्रश्न विचारले. कपाळ आणि कानशिलं, दोन्ही बाजूंनी. सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. जरा मळमळतंही. कशाने थांबतं? "माहीत नाही गं. आपोआप थांबतं."

भामाने मनाशी ताडून पाहिलं. अर्धशिशी असती तर एकीकडे दुखलं असतं. पित्त असतं तर उलटीने उतरलं असतं. सर्दी नव्हती. राहिलं जागरणाचं. रात्री बाळ दर तासाला उठवतं, पोर झोपते कुठे? "झोप गो जरा. जागरनाचं हाय त्ये," ती म्हणाली आणि तिने लेकीच्या कानशिलांना सुंठ उगाळून लावली.

आता जी गोष्ट भामाने कुणाला सांगितली नाही ती. त्याच दिवसांत तिचंही डोकं दुखत होतं. लेक बाजेवर शेक घेत असताना ती शेजारी पाटावर बसून तिचे पाय चोळायची, आणि उठेपर्यंत तिच्या कपाळात ठोके पडायला लागायचे. एकदा शेगडी उचलून उभी राहिली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून ती सावरली. तिने त्याचं कारणही शोधून ठेवलं होतं: बुधाजी गेला, गाव गेलं, आणि आता सव्वा महिना संपला की पोरही जाणार. काळजीचं दुखणं. चुंबळीचं. लोकांच्या डोक्यांचं निदान करणाऱ्या बाईने आपल्या डोक्याला प्रश्नच विचारले नाहीत, सरळ उत्तर देऊन टाकलं. ती स्वयंपाकघरात जायची, डब्यामागे ठेवलेली गोळी घ्यायची आणि तोंड धुऊन हसत बाहेर यायची. बाळंतिणीजवळ दुखणाईत माणूस असू नये, अशी रीत होती. आणि रीत बाजूला ठेवली तरी, आपलं दुखतंय म्हटलं तर आशालताबाई काय म्हणतील ते तिला पाठ होतं: तुम्हालाच बरं नाही, मग त्या दोघींचं कोण करणार? पाठवा इकडे.

गोदू यायची मधूनमधून. गावात भिंतीला भिंत लागून राहिलेली, आता त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, "नजर लागली पोरीला. गोरीपान पोर झाली, लोकं बघून जातात." दोघींनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. दुसऱ्या सकाळी डोकं पुन्हा दुखलं.

फोनवर राजसला कळलं तसा तो काळजीत पडला. "मॅडमना दाखवून या, प्लीज," त्याने सांगितलं. भामाला ते आवडलं नाही, पण नाही कशी म्हणणार? इराला गोदूकडे ठेवून मायलेकी रिक्षाने दवाखान्यात गेल्या.

आभा मॅडमनी खूप वेळ दिला, हे कबूल करायला हवं. ब्लड प्रेशर मोजलं, पायांवर सूज बघितली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का विचारलं. मग समजावून सांगायला लागल्या. "ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं ना, त्याने काहींचं डोकं दुखतं. पण ते बसलं की वाढतं आणि आडवं झालं की थांबतं. तुझं उलट आहे, पडून असताना वाढतं. प्रेशरचं म्हणावं तर प्रेशर छान आहे. मायग्रेन कधी होतं का आधी?"

"नाही."

"पाणी कमी पीत असशील. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागायच्या आधी पाणी लागतं. आता दुखतंय?"

अंकिताला स्वतःचंच नवल वाटलं. "आता नाही दुखत, मॅडम. रिक्षातच थांबलं. वारा लागला तसं एकदम बरं वाटलं मला."

भामाने ते बरोबर टिपलं. पोरीचं माहेरी दुखतं आणि उंबरा ओलांडला की थांबतं! याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला. पोरीला करमत नाही आपल्याकडे. फ्लॅटमध्ये म्हातारी आणि बाळ, दुसरं आहे कोण? हे पुण्यात कळलं तर?

आभा मॅडमचं पेन कागदावर थांबलं. "घरी गॅसचा गीझर आहे का?"

"नाही, करंटवरचा आहे," अंकिता म्हणाली.

मॅडमनी भामाकडे पाहिलं. "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतं का, आजी? तुमचं?"

त्या क्षणीही भामाचं कपाळ सकाळच्या दुखण्याने बधिर होतं. टेबलावर काचेखाली गणपतीचं चित्र होतं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "नाय. माजं कदीच नाय दुखत."

"हो," अंकिता हसली, "आईला गावात डोक्याची डॉक्टर म्हणायचे."

मॅडमही हसल्या. पेन पुन्हा चाललं. ताकदीच्या गोळ्या, भरपूर पाणी, झोप. "आणि कोंडून राहू नका. जरा मोकळ्या हवेत फिरा," त्या म्हणाल्या. बाळंतिणीला मोकळी हवा! शिकलेल्या बाईला वारा बाधणं म्हणजे काय ते कुठून कळणार, असं भामाला वाटलं, आणि मॅडमचं सांगणं तिने तिथल्या तिथे मनाआड केलं.

रविवारी राजस आला. येताना बायकोला आवडतात म्हणून चिक्कू घेऊन आला. इराला छातीवर घेऊन तो तासभर सोफ्यावर पडून राहिला. भामाने त्याला सांगितलं, "राजसराव, त्या खोलीच्या खिडकीतून वारा सुटतो. काच नीट लागत नाय. पोरीचं डोकं त्यानंच धरतं, दुसरं काय नाय." जावई कामाचा. त्याने बाजारातून रबराची पट्टी आणि चिकटपट्टी आणली, खिडकीच्या फटी एकेक करून बुजवल्या, एसीसाठी भिंतीत ठेवलेलं भोक थर्माकोलने बंद केलं. मग हात पसरून म्हणाला, "बघा मामी, आता मुंगीपण येणार नाही."

तो निघताना अंकिता त्याला म्हणाली, "मी येऊ का रे तुझ्याबरोबर पुण्याला? डोकं फार दुखतं इथे." भामा स्वयंपाकघरात होती. तिने भांडं विसळायचं थांबवलं आणि कान टवकारले. राजस दमलेला होता, त्याने लाडातच झिडकारलं, "सारखं काय डोकं डोकं? मॅडम म्हणाल्या ना काही नाही म्हणून. आणि मामींना किती वाईट वाटेल. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." भामाने नळ पुन्हा सोडला. तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या सकाळी थंडी जास्त होती, म्हणून तिने शेगडीत मूठभर कोळसा जास्त घातला. लेकीला कढत पाण्याने न्हाऊ घातलं. बाजेवर निजवून वर दोन घोंगड्या घातल्या, आणि लाल फुललेली, धुराचा मागमूस नसलेली शेगडी खाली सरकवली. "आये, दार उघडं ठेव ना," अंकिता म्हणाली. "वारा लागंल गो बाय. घाम येऊ दे जरा, मंग मोकली व्हशील," असं म्हणून भामाने दार ओढून घेतलं आणि इराला कोवळं ऊन द्यायला गच्चीवर नेलं.

गच्चीवर गोदू वाल सुकत घालत होती. ऊन चांगलं पडलं होतं. इरा मांडीवर झोपली. आणि भामाचं डोकं हळूहळू हलकं झालं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. गावच्या गप्पा निघाल्या, कुणाच्या लग्नात कुणी कुणाचा अपमान केला ते निघालं, भामा खळखळून हसली. खाली जायला हवं हे तिला दोनदा आठवलं. पण डोकं इतकं छान मोकळं झालं होतं की उठवेना. बसली आणखी थोडी.

खाली येऊन तिने दार किलकिलं करून पाहिलं. अंकिता गाढ झोपली होती. गाल लालसर झाले होते. गेल्या कित्येक दिवसांत तिच्या चेहऱ्यावर असा रंग दिसला नव्हता. शेक मानवला पोरीला, असं मनात म्हणून भामाने दार परत हळूच लावलं. झोपू दे. भाकरी टाकल्या. इराने रडायला सुरुवात केली तेव्हाच ती तिला पाजायला म्हणून आत घेऊन गेली.

तिने हाक मारली. मग हलवलं. मग जी किंकाळी फुटली ती दुसऱ्या मजल्यावर गोदूने ऐकली.

दवाखान्यात सांगितलं की कोळशाच्या वायूने गेली. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. पोलीस आले, शेगडी बघून गेले, खिडकी बघून गेले, अपघात म्हणून लिहून घेतलं. भामाला त्यातलं फारसं आठवत नाही. तिला एवढंच आठवतं की कुणीतरी खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली तेव्हा राजस त्या आवाजाने खाली बसला.

तेरावा झाला. आशालताबाई त्या दिवसांत करंजाड्यालाच राहिल्या. त्यांनी भामाला एका शब्दाने दुखावलं नाही. इराला बाटलीने दूध पाजत होत्या, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघत होत्या, आणि मोरीत नळ सोडून रडत होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅगा भरून झाल्यावर त्या भामाजवळ येऊन बसल्या. "विहीणबाई, तुम्हीही चला. इथे एकट्या काय कराल? इराला तुमच्या हाताची सवय आहे. माझ्याच्याने न्हाऊ घालवत नाही तिला, हात थरथरतात. अंकिताचं जे उरलंय ते दोघी मिळून वाढवू."

भामाने तिच्याकडे पाहिलं. पुण्यात एक खोली, एक पाळणा, आणि त्यात लेकीचं लेकरू. याहून जास्त तिला या जगात काहीच नको होतं. तिने हातानेच हो म्हटलं आणि पदराला डोळे पुसले. दोन लुगडी पिशवीत घालायला ती उठली.

राजस दारात उभा होता. दाढी वाढलेली, चष्म्याची काच डागाळलेली. तेरा दिवस तो नीट जेवला नव्हता. तो आईला नाही, भामाला नाही, कुणालाच न बोलल्यासारखा बोलत होता, गेले कित्येक दिवस बोलत होता तेच: "शेगडी तर रोजच होती. रोज काही झालं नाही. मी रविवारी खिडकी बंद केली आणि सोमवारी ती गेली. मी मारलं तिला."

"अरे, नको ना असं," आशालता म्हणाली.

"आभा मॅडमना मी विचारलं, आई. म्हटलं, आधीचं डोकं दुखणं याचंच होतं का? त्या म्हणाल्या, शेगडीचं मला माहीतच नव्हतं, आणि घरात आणखी कुणाचं दुखत असतं तर मला तेव्हाच शंका आली असती; पण मी विचारलं होतं, कुणाचंच दुखत नव्हतं. मामी तर रोज तिच्याजवळ बसायच्या. म्हणजे आधीचं काहीतरी साधंच होतं. खिडकी उघडी होती तोवर सगळं ठीक होतं." तो भिंतीवर डोकं टेकवून उभा राहिला. "आणि ती येते म्हणत होती माझ्याबरोबर."

भामाच्या हातात लुगडं होतं. पिशवी उघडी होती. गप्प बसली असती तर कुणालाही कधीही कळलं नसतं. डब्यामागच्या गोळ्या संपल्या होत्या. गोदूलाही माहीत नव्हतं. माहीत होतं तिला एकटीला, आणि ती पुण्याला जाऊन रोज इराला मांडीवर घेऊन तेल चोळणार होती, आणि हा पोरगा शेजारच्या खोलीत असाच भिंतीला डोकं टेकवून उभा राहणार होता, तिच्या वाट्याचं ओझं डोक्यावर घेऊन.

एकदा खोटं बोलून लेक जवळ ठेवली होती. आता नुसतं गप्प राहून नात जवळ ठेवायची होती. तिला ते जमेना.

"माजं दुखत व्हतं," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माजं डोकं. तिच्यासारखंच. तुमी खिडकी लावायच्या लई आधीपासून. रोज, शेगडीजवल बसले की. चक्कर पन आलेली. मॅडमनी विचारलं तवा मी नाय म्हटलं." तिने लुगडं खाली ठेवलं. "मी खरं सांगितलं असतं तर तुमी तिला घेऊन गेले असते. म्हनून. त्या दिवशी गच्चीवर माजं डोकं थांबलं, बरं वाटलं, म्हनून मी बसून रायले वर. तुमची खिडकी नंतरची हाय, राजसराव. त्याच्या आधीच मी तिला मारत व्हते."

वरून एक विमान गेलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

राजस तिच्यासमोर लादीवर येऊन बसला. तिला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी हळू विचारलं, "आता दुखतं का?"

"नाय," भामा म्हणाली. "शेगडी गेली तवापासून एकदा पन नाय."

तेव्हा तो रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा रडला. आशालता त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, पण तिचे डोळे भामावर होते, आणि त्या डोळ्यांत मघाचं काही उरलं नव्हतं. रागही नव्हता. परक्या बाईकडे बघावं तसं ती बघत होती.

मग ती उठली. तिने बॅगा दाराशी नेल्या. पाळण्यातून इराला उचललं, टोपीची नाडी बांधली. भामाची पिशवी उघडी तशीच पलंगावर होती. पिशवीकडे न बघता आशालता पलंगाला वळसा घालून गेली. राजसने दारात क्षणभर मागे वळून पाहिलं. त्याने नुसते हात जोडले. दार त्याने ओढून घेतलं नाही, उघडंच ठेवलं.

लिफ्टचं दार लागलं आणि आत इरा रडायला लागली. ते रडणं एकेक मजला खाली उतरत गेलं. भामा उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. पोटदुखीचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. भूक लागली होती पोरीला. हे तिला नीट कळत होतं, आणि ते सांगायला आता जवळ कुणी नव्हतं.